बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे का?

वडिलांच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक जागलीच्या मचाणावरून नाहीशी झाली आहे, पण तक्रार केली तर गुन्हा वडिलांवरच दाखल होईल या भीतीने घरचे थांबले आहेत, असे आपण लिहिले आहे. अमेरिकेत अशी सक्ती नसते, असेही आपणांस कोणी सांगितले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलालगतच्या गावाचा पोलीस पाटील या नात्याने मी कळकळीने सांगतो, वडिलांना घेऊन आजच ठाण्यात जा.

अमेरिकेविषयीची माहिती अर्धीच आहे. तेथील केंद्रीय कायदा सामान्य मालकावर सक्ती करत नाही, परंतु परवानाधारक विक्रेत्याला ४८ तासांत कळवावे लागते आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी मालकालाही मुदत घालून दिली आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्याच्या अटींतच हे कर्तव्य आहे: शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला तत्काळ कळवावे. अट मोडल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १७ नुसार परवानाही रद्द होऊ शकतो.

बंदूक मचाणावर का ठेवली होती, हे वडिलांना विचारले जाईल. त्याचे खरे उत्तर द्यावे. त्याहून कितीतरी कठीण प्रसंग पुढचा आहे. आमच्या भागात अशी बंदूक बहुधा रानडुकराच्या किंवा चितळाच्या चोरट्या शिकारीला लागते, आणि ती पकडली गेली की तिच्यावर कोरलेल्या क्रमांकावरून तपास थेट परवानाधारकाच्या दारात येतो. त्या दिवशी हाती तक्रारीची तारीखवार प्रत नसेल, तर बंदूक आपण दिली नव्हती हे वडील कशाच्या आधारे सांगणार?

आणखी एक गैरसमज मी वारंवार पाहतो. पोलीस पाटलाच्या कानावर घातले म्हणजे काम झाले, असे लोक धरून चालतात. मी ठाण्याला कळवतोच, पण त्याने परवानाधारकाची जबाबदारी संपत नाही. (निघण्यापूर्वी परवान्याच्या पुस्तिकेत निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केल्याची पावती आहे का, तेवढे पाहून घ्या, निवडणुकीनंतर बंदूक सोडवून आणायची राहून गेली आणि ती ठाण्यातच पडून आहे, असेही घडते.)

अर्जात बंदुकीचा प्रकार, क्रमांक, परवाना क्रमांक, ती शेवटची कधी व कोठे पाहिली आणि सोबत दारू-छर्रे गेले का, हे लिहावे. चोरीचा संशय असल्यास तसे स्पष्ट नमूद करून गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते. दुसरा अर्ज परवाना देणाऱ्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि दोन्हींची शिक्क्यासह पोच घ्यावी. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.