खाडीकाठच्या कांदळवनात, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांच्या जंगलात, रातोरात भराव पडतोय. गावकऱ्यांनी काय करावं?

आधी ओहोटीला जाऊन बघा, खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजवली आहे का? बांध घालून भरती अडवली की तिवरं उभ्या उभ्या सुकतात, आणि मग 'इथे कांदळवन नव्हतंच' म्हणायला मोकळे! म्हणून झाडं हिरवी आहेत तोवरच तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढून ठेवा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. तोच आधार देऊन तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष, दोन्हीकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्याच. आणि कोळीवाड्याला सोबत घ्या. कोळंबी, चिंबोऱ्या याच चिखलात वाढतात, पहिला फटका कोळ्यांनाच बसतो.