विमान गेल्यावर आकाशात पांढरी रेघ का राहते? तो धूर असतो का? आणि सगळ्याच विमानांमागे का दिसत नाही?

धूर नाही, तो ढग आहे. आम्ही लहानपणी अशी रेघ दिसली की गच्चीवर "रॉकेट गेलं, रॉकेट गेलं" म्हणून नाचायचो. असायचं साधं प्रवासी विमान.

जेट विमानाचं इंधन म्हणजे जरा जास्त शुद्ध केलेलं रॉकेलच. त्यातला हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं. एक किलो इंधनातून साधारण सव्वा किलो वाफ निघते (वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, जादू नाही). ११-१२ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ४० अंश किंवा त्याहूनही जास्त थंडी. इंजिनातून निघालेली गरम, दमट हवा त्यात मिसळली की वाफेचे थेंब होतात, तेही बहुतेक काजळीच्या कणांना धरून, आणि लगेच गोठतात. आपल्याला दिसतात ते हे बर्फाचे कण.

कुकरची शिट्टी होताना नीट बघा. अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरं दिसायला लागतं ते थोडं वर. खरी वाफ दिसतच नाही, तिचे थेंब झाले की दिसतात. विमानाचंही तसंच. मोबाइलवर झूम करून पाहिलंत तर शेपटी आणि रेघ यांच्यामध्ये रिकामी फट दिसेल. रेघाही सुरुवातीला इंजिनागणिक वेगळ्या असतात, मागे जाऊन एक होतात.

आता प्रत्येक विमानामागे का नाही? उतरणारं विमान खाली असतं, तिथे एवढी थंडी नसते. वरसुद्धा हवेचे थर सारखे नसतात. कोरड्या थरात रेघ विमानामागे शेपटीएवढीच राहते आणि विरते. दमट थरात तासन् तास टिकते, पसरते आणि शेवटी पिंजलेल्या कापसासारखी दिसते. म्हणून एकाच वेळी दोन विमानं गेली, एकामागे रेघ आणि दुसऱ्यामागे नाही, असं होतं. दोघांची उंची वेगळी असते, एवढंच.

"विमानातून रसायनं फवारतात" हा फॅमिली ग्रुपवरचा मेसेज तुम्हालाही आला असेलच. दुसऱ्या महायुद्धात युरोपवरून जाणाऱ्या बॉम्बफेक्या विमानांमागेही अशाच रेघा उमटायच्या, आणि वैमानिकांना त्या नकोशा असायच्या, कारण शत्रूला खालून आयता पत्ता लागायचा. रेघ कधी उमटेल याचं गणित जर्मनीच्या श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडलं, अमेरिकेच्या ॲपलमन यांनी १९५३ मध्ये. आजही तेच वापरतात.