कपाशीवरच्या काटेरी अळ्या मारू नका

प्रश्न : कपाशी ५० दिवसांची आहे. शेंड्याला मावा आहे आणि त्यातच काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरतात. दुकानातून जहाल औषध आणलंय. उद्या फवारू का?

उत्तर : दादा, पंप ठेवून द्या. फोटो नीट पाहिला. या अळ्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याच्या आहेत. त्या कपाशी खात नाहीत, मावा खातात. मगरीसारखं लांबट अंग आणि पुढे सहा पाय, ही त्यांची खूण. उद्या सकाळी एका अळीजवळ पाच मिनिटं बसा. ती मावा जबड्यात धरून खाताना दिसेल.

कपाशीचा रस मावा पितो, माव्याला ढालकिडा आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिडीची अळी खाते, त्यांना कोळी आणि पाखरं टिपतात. ही झाली अन्नसाखळी. पण शेतात ती सरळ रेषेत चालत नाही. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. एक बारीक गांधीलमाशी माव्याच्या पोटातच अंडं घालते. तो मावा फुगून तपकिरी होतो आणि पानाला चिकटून मरतो. असे फुगलेले मावे दिसले तर समाधान माना. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतल्या की अन्नजाळं होतं.

आता जहाल औषधाचं. त्याने मावाही मरतो आणि ढालकिडाही. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत पुन्हा पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. शिवाय खाणाऱ्यांची संख्या मुळातच कमी असते, कारण खाल्लेल्यातला साधारण दहावा हिस्साच पुढच्या पायरीच्या अंगी लागतो. म्हणून फवारणीनंतर मावा आधी परततो, आणि तेव्हा त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. ‘मारलं तरी वाढतोय’ ही तक्रार दर हंगामात येते. त्यामागे बरेचदा हेच असतं, आणि त्यात तुमचे पैसे जातात याचं मला फार वाईट वाटतं.

एकरात २० झाडं निवडा, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं उलटून मावा मोजा. सरासरी पानाला १० च्या आत असेल तर काहीच फवारू नका. त्याहून जास्त भरला, तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क मारा. पानामागे ढालकिड्याच्या पिवळ्या अंड्यांचा उभा झुबका किंवा केसासारख्या देठावर टेकलेलं क्रायसोपाचं अंडं दिसलं तर तेही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बांधाकडेने चवळीची ओळ लावा; चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे आधीच पोसले जातात.

आठ दिवसांनी त्याच झाडांवर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा.