गाण्यांची यादी देऊ नका, कौशल्यांची द्या

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं परत जागं झालं. आठवी-नववीच्या मुलामुलींचा गट, त्यांनीच निवडलेली लोकप्रिय गाणी, गिटार, कीबोर्ड, ड्रम, सगळं छान रंगात आलेलं. आणि आता वरच्या कार्यालयाला वर्षभराच्या गाण्यांची यादी हवी आहे, शब्दांसकट, आणि वर स्वरलिपीची लेखी परीक्षा. तुम्ही विचारलंय की "आतापासूनच नोटेशन शिकवायला घेऊ का, आणि अ‍ॅम्प्लिफायर कोणता बरा?" अ‍ॅम्प्लिफायरचं शेवटी बघू. वाद्यं, खोली, तासिका यांचं तुम्ही जमवलेलं दिसतंय, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. आधी त्या यादीचं बोलू या, कारण गट मोडतो तो तिथे.

आमच्याकडेही असंच एक कार्यालय होतं. नाव घेत नाही. त्यांच्या सहीशिवाय तासिकाही नाही आणि वाद्यांचा निधीही नाही. त्यांनी एक छापील नमुना दिला. गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, संपूर्ण शब्द टाइप करून, आणि प्रत्येक गाण्यापुढे 'शैक्षणिक उद्दिष्ट'. मुलांनी वाद घालून, मतं मोजून, एकमेकांना पटवून गाणी निवडली होती. ती यादी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. एका गाण्यावर शेरा आला, 'प्रेमविषयक आशय'. दुसऱ्यावर 'भाषा अनौपचारिक'. लोकप्रिय संगीताच्या वर्गात प्रेम आणि अनौपचारिक भाषा सोडून काय उरतं, हे मी तोंडावर विचारलं नाही एवढंच.

मंजुरी आली तेव्हा निम्मं वर्ष सरलं होतं आणि त्या गाण्यांतली बहुतेक मुलांच्या कानांवरून उतरली होती. चौदा वर्षांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे एक युग असतं. त्यांनी नवीन गाणं आणलं, ते जोरात बसत होतं, आणि पाहणीला आलेल्या साहेबांनी मंजूर यादीतलं वाजवून दाखवा म्हणून सांगितलं. मी यादीत बदल करायचा अर्ज घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "बदलासाठी नमुन्यात रकाना नाही." बस. रकानाच नाही म्हटल्यावर काय बोलणार?

लेखी परीक्षेने उरलेलं काम केलं. बहुतेक गुण पाच रेषांवर स्वर लिहिण्याला. आमच्या गटात एक मुलगी होती, जी एकदा-दोनदा ऐकून गाण्यातली बेसची ओळ शोधून वाजवायची. शब्दांच्या आणि बाकी वाद्यांच्या मागे दडलेला खालचा सूर ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही. तिला काठावरचे गुण. ज्याने वर्षभर एकाही वाद्याला हात लावला नाही, पण व्याख्या पाठ केल्या, तो पहिला. ड्रम वाजवणारा मुलगा त्यानंतर यायचाच बंद झाला. त्याने वाजवणं सोडलं नव्हतं. मित्राच्या घरी चार पोरं जमवून तो जोरात वाजवत होता. सोडला होता तो फक्त आमचा वर्ग.

आणि हे अगदी अपेक्षित आहे. इंग्लंडमधल्या संशोधक ल्युसी ग्रीन यांनी १४ लोकप्रिय संगीतकारांशी बोलून (वयं १५ ते ५०) ही मंडळी शिकतात कशी, याचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. सार असं: स्वतःला आवडणारं गाणं घ्यायचं, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायचं, मित्रांच्या संगतीत शिकायचं, सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम न पाळता जे लागेल ते लागेल तेव्हा उचलायचं, आणि ऐकणं, वाजवणं, रचणं हे वेगवेगळे कप्पे करायचे नाहीत. यावर २००३पासून तिथल्या शाळांत 'म्युझिकल फ्यूचर्स' नावाचा प्रकल्प चालला. आता बघा, या पाचांपैकी पहिलीच गोष्ट म्हणजे निवड. आगाऊ मंजूर यादीने नेमकी तीच मारली जाते, आणि मग बाकीच्या चार लंगड्या पडतात. ज्या गाण्याचा कंटाळा आलाय ते शंभर वेळा रिवाइंड करून कोण ऐकेल?

तर माझं ठाम मत: कागदावर गाण्यांची नावं वर्षाच्या सुरुवातीला जाऊच द्यायची नाहीत. कार्यालयाशी भांडायचंही नाही. नमुन्यात 'घटक' असा एक रकाना असतोच. त्यात कौशल्य लिहायचं. पुढच्या वर्षी मी साधारण असं लिहिलं (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर):

"पहिले सत्र: विद्यार्थ्यांनी निवडलेले, तीन ते चार कॉर्ड असलेले गाणे ध्वनिमुद्रण ऐकून गटात बसवणे. ठरलेली लय गाणे संपेपर्यंत टिकवणे. मुखडा आणि अंतरा यांतील फरक वादनातून दाखवणे. दुसरे सत्र: तेच किंवा दुसरे गाणे वेगळ्या पट्टीत वाजवणे, मांडणी बदलणे. तिसरे सत्र: चार कॉर्डच्या आवर्तनावर स्वतःचे शब्द आणि चाल रचणे. गाण्यांची नावे सत्रअखेरच्या अहवालात दिली जातील."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. नावं द्यायला नकार नाही, फक्त ती नंतर येतील. त्यासोबत एक पान 'निवडीचे निकष' जोडलं: शब्द त्या वयाला आणि सभेत गायला चालतील असे, चालीचा पल्ला मुलांच्या गळ्याला झेपेल असा, गटातल्या प्रत्येकाला काहीतरी वाजवायला मिळेल असं. शेरा मारायला त्यांना निकष मिळतात, गाणं मिळत नाही. शिवाय मुलांनाही हे निकष दिले की आक्षेपार्ह गाणी तीच बाहेर काढतात, आपल्याला खलनायक व्हावं लागत नाही.

कागदात दोन-चार साल आणि परदेशी नावं घाला. १९६७मध्ये अमेरिकेत टँगलवुडला संगीतशिक्षकांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात तरुणांचं लोकप्रिय संगीत शालेय अभ्यासक्रमाचा भाग आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे हे काही काल कुणाला सुचलेलं खूळ नाही. असं वाक्य दिसलं की सही लवकर होते. मला हे आवडत नाही. वर्गात येऊन पाच मिनिटं ऐकलं असतं तर कुठल्याच सालाची गरज पडली नसती. पण चालतं हे.

मूल्यमापनाचंही तुम्हीच आधी सुचवा, नाहीतर ते त्यांची प्रश्नपत्रिका देतील. आम्ही सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक गटाचं फोनवर साधं रेकॉर्डिंग केलं. बघायच्या गोष्टी मोजक्या: गाणं न थांबता पूर्ण होतं का, चूक झाली तर समेवर परत येता येतं का, एकमेकांचं ऐकून आवाज कमीजास्त करतात का, आणि प्रत्येकाला आपल्या वाद्यापलीकडे काय चाललंय ते सांगता येतं का. ही दोन रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवली की न शिकलेल्या माणसालाही फरक कळतो. लेखी भाग हवाच असेल तर त्याच गाण्याचा कॉर्ड-तक्ता ऐकून लिहायला द्या. लेखीही झालं आणि कानाचीही परीक्षा झाली.

आता नोटेशनचं. (इथे बरेच जण माझ्याशी असहमत होतील, होऊ द्या.) आधी नको. मी स्वरलिपीच्या विरोधात नाही, ज्यांना पुढे वाद्यवृंदात किंवा परीक्षांत जायचंय त्यांना ती लागणारच. पण ज्या संगीतात ध्वनिमुद्रण हेच मूळ आहे, तिथे कागदापासून सुरुवात केली तर मुलं कागद बघतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत. शब्दांवर कॉर्ड लिहिलेलं पान सुरुवातीला पुरतं. त्यातही सी, जी, एफ असं लिहिण्यापेक्षा १, ५, ४ असे आकडे (सापासून कितवा स्वर) लिहा. आपल्याकडे सा कुठेही धरता येतो हे मुलांना माहीत असतंच, त्यामुळे आकडे चटकन कळतात आणि पट्टी बदलायची वेळ आली की पान तेच राहतं.

पट्टी तर तुम्हाला बदलावी लागेलच. मूळ गायकाची पट्टी मोठ्या माणसाच्या, कसलेल्या गळ्याची असते. या वयाच्या मुलामुलींना साधारण मधल्या पांढरी एकपासून (सी) वरच्या पांढरी दोनपर्यंतचा (डी) पल्ला सुखाचा जातो, आणि आवाज फुटायला लागलेल्या मुलांचा तर तेवढाही भरवसा नसतो. मूल 'बेसूर' गातंय असं वाटलं की आधी पट्टी तपासा, मग मुलाला बोला. गिटारवाल्यांसाठी एक गोष्ट: कापो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टी वर नेतो, खाली नाही. जीचं गाणं ईमध्ये आणायचं असेल तर डीच्या कॉर्ड धरून कापो दुसऱ्या पडद्यावर लावा. आणि एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) पहिल्याच महिन्यात लादू नका. तिच्यापायी गिटार कायमची खुंटीला टांगलेली मुलं मी पाहिली आहेत. बारीक चार तारांची छोटी एफ चालते, किंवा मग युकुलेले द्या.

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगते. मुलांना पूर्ण मोकळं सोडा असं वर म्हटल्यासारखं वाटेल, पण तसं नाही. ग्रीन यांच्या पद्धतीतही शिक्षक आधी मागे उभा राहून बघतो आणि मग कुठे अडलंय ते ओळखून आत शिरतो, नुसता कोपऱ्यात वह्या तपासत बसत नाही. आणि एका बाबतीत तर पहिल्या दिवसापासून आत शिरा: वाद्यांची वाटणी. मोकळं सोडलं की ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार मुलगे पकडतात आणि मुली माइकपाशी जातात. प्रत्येक गाण्याला वाद्य फिरवायचं हा नियम सुरुवातीलाच केला तर कुरकुर होत नाही. सवयी पडल्यावर केला तर रडारड होते. वर सांगितलेली बेसवाली मुलगी या फिराफिरीतच सापडली होती.

कार्यक्रम कराल तेव्हा कॉपीराइटच्या हक्कांचं बघा. मी कायद्यातली तज्ज्ञ नाही, देशादेशांत नियम वेगळे आहेत, तेव्हा जाणकाराला विचारा. पण एवढं लक्षात असू द्या की गीत-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. वर्गात वाजवणं, तिकीट लावून वाजवणं आणि व्हिडिओ नेटवर चढवणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एकीची सूट दुसरीला लागू होतेच असं नाही. (गंमत म्हणजे सगळ्या गाण्यांचे संपूर्ण शब्द टाइप करून तीन प्रतींत द्या, असं त्या कार्यालयानेच सांगितलं होतं.)

आता अ‍ॅम्प्लिफायर. छोटा घ्या. बंद वर्गखोलीत मोठ्याचा काही उपयोग नाही, त्रास मात्र आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला रोज ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ही मोठ्यांच्या कामाच्या जागेची मर्यादा आहे, मुलांच्या बाबतीत मी त्याहूनही सांभाळून राहीन. लहान खोलीत ड्रमसेट १००च्या घरात सहज जातो. फोनवरचं मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक आहे. काड्यांऐवजी बारीक कांड्यांची जुडी, तालमीला प्रॅक्टिस पॅड, आणि ड्रमवाल्याला कानात इअरप्लग, याला पर्याय नाही. आणि अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवू नका. तो वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही, म्हणून वाजवणारा आवाज वाढवतो, मग गाणारी ओरडते, मग ड्रमवाला जोर लावतो. खुर्चीवर ठेवून मागे कलता करा, निम्मा गोंगाट जागेवर कमी होतो.

तुमच्या नमुन्यात 'घटक' रकान्याला किती ओळी आहेत आणि 'मूल्यमापन' वेगळं विचारलंय का, ते सांगा. मसुदा कार्यालयाचं नाव खोडून इथे टाका. सही व्हायच्या आधी वाक्यं बदलता येतात, नंतर मात्र बदलासाठी रकाना नसतो.