बेसवर वळण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कराडच्या धावपट्टीवर तुझं सोलो, म्हणजे एकटीचं पहिलं उड्डाण, आता जवळ आलंय आणि तू विचारलंस की सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत, हेलिकॉप्टर आलं तर नेमकं काय करायचं. एरवी तिथे सगळी शिकाऊ विमानंच. पण निवडणुका लागल्या, कृष्णा-कोयनेला पूर आला, की हेलिकॉप्टरं येतात, आणि त्यांच्या पायलटांना तुमच्या सर्किटची सवय नसते.

विमानाचं सर्किट जमिनीपासून 1000 फुटांवर, हेलिकॉप्टरचं साधारण 500 वर, हे तुला पाठ असेल. मधल्या 500 फुटांचा आधार मात्र फक्त डाउनविंडपुरता, म्हणजे फेरीच्या धावपट्टीला समांतर बाजूपुरता आहे. तिथून बेसवर, म्हणजे धावपट्टीला आडव्या बाजूवर वळून पॉवर कमी केलीस की तू उतरायला लागतेस, आणि तीन अंशांच्या उताराने येत असशील तर फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, दीडेक मैल उरलेले असताना तू 500 फुटांवर, म्हणजे बरोबर हेलिकॉप्टरच्या मजल्यावर असतेस. जिथे तुझं सगळं लक्ष वेगावर आणि धावपट्टीवर असतं, तिथेच अंतर संपतं.

29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ, उतरणारं प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर नदीवर धडकले, 67 माणसं गेली. हेलिकॉप्टरच्या मार्गाला तिथे 200 फुटांची कमाल मर्यादा होती. टक्कर झाली सुमारे 300 फुटांवर. पण ते नेमकं 200 वर, काठाला धरून गेलं असतं, तरी त्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानापासून अंतर उरत होतं जेमतेम 75 फूट. अल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंची दाखवणाऱ्या उपकरणात, जमिनीवर उभं असतानाच 60 फुटांपर्यंतची चूक चालवून घेतात, हे शेजारी ठेवून बघ. हेलिकॉप्टरमधून ‘विमान दिसतंय’ असं कळवलंही होतं. म्हणून तुला कुणी विचारलं आणि तेच हेलिकॉप्टर तुला खात्रीने दिसत नसेल, तर ‘दिसत नाही’ असंच स्पष्ट सांग. त्यात कमीपणा काहीच नाही.

क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा त्या वेळचा हवेचा दाब, दर वेळी ताजा लाव. दाब एका हेक्टोपास्कलने चुकला की उंची साधारण 28 फुटांनी चुकते. पावसाळ्यात दाब 1003 असताना तू चुकून 1013 वरच राहिलीस, तर काटा 1000 फुटांचं सर्किट दाखवेल आणि तू असशील 720 वर. 500 फुटांचं अंतर 220 झालं, आणि दोघांनाही पत्ता नाही.

आता बेसवर वळण्याआधीचं काम. रेडिओवर हेलिकॉप्टरला तीन गोष्टी विचार: धावपट्टीच्या कोणत्या बाजूला, किती मैलांवर, किती उंचीवर. स्वतःची जागाही तशीच सांग. ‘प्रीतिसंगमावर आहे’ हे तुला कळतं, नागपूरहून आलेल्याला नाही. मग तू उतरून धावपट्टी सोडेपर्यंत एका बाजूला थांबायला सांग. तो ओलांडून जातो म्हणाला, तर तुझ्या मागून जाऊ दे. पुढून, धावपट्टीच्या मध्यावरूनही नको. तुला गो-अराउंड करावं लागलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढावं लागलं, तर तू चढत त्याच्याच पोटाशी जाशील. उत्तर आलं नाही किंवा नीट कळलं नाही, तर 1000 फूट सोडूच नकोस. वरूनच आणखी एक फेरी मार. पाच-सहा मिनिटं जातील, जाऊ देत.

रेडिओवर सगळं भागत नाही. आगाशिवच्या डोंगराआडून खालून येणाऱ्याचा आवाज पोचेलच असं नाही. समोरून येणारं हेलिकॉप्टर एक किलोमीटरवर किती दिसतं माहीत आहे? हात लांब करून बोटांत धरलेल्या मोहरीएवढं. तुझे 90 नॉट आणि त्याचे 100 मिळून ते किलोमीटर सरायला दहा सेकंद लागतात. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं याला साडेबारा सेकंद धरतात. म्हणून नजर भिरभिरवू नकोस. दहा-दहा अंशांच्या पट्ट्यात, प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबव. काचेवर एकाच जागी राहून मोठा होत जाणारा ठिपका म्हणजे टक्करच. सरकतोय तो निघून जाईल. खाली उसाचं रान असेल, किंवा पाचट पेटवल्याचा धूर, तर फिरतं पातं वरून दिसत नाही. सेस्नाचा पंख वर असतो. डावीकडे वळलीस की तोच पंख झुकून तू जिथे जाणार ती जागा झाकतो. आधी तो किंचित उचल, खाली-डावीकडे बघ, मगच वळ.

उपकरणावर विसंबू नकोस. मोठ्या विमानांतली टक्करविरोधी यंत्रणाही सुमारे 1000 फुटांखाली ‘वर जा, खाली जा’ सांगणं थांबवते.

आणि उतरल्यावर, हेलिकॉप्टर जमिनीलगत तरंगत असेल तर त्याच्या पात्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेव. व्यास 11 मीटर, तर 33 मीटर. तेवढी जागा टॅक्सीवेवर नसेल तर ब्रेक लावून थांब, कंट्रोल घट्ट धर, आणि ते पूर्ण बसेपर्यंत दार उघडू नकोस.

तुझा,
काका