विमान उडवताना रेस्ट्रिक्टेड एअरस्पेसमध्ये (उड्डाणावर निर्बंध असलेल्या हवाई हद्दीत) चुकून घुसलास तर

अरे पहिली गोष्ट, जीपीएसवर हद्द ओलांडलेली दिसली की ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) बंद करायचा विचारही करू नकोस, लपून काही होत नाही उलट रडारवाल्यांचा संशय वाढतो. आधी विमान नीट सांभाळ, मग जवळची कड बघून बाहेर पड आणि ज्या कंट्रोलरशी (जमिनीवरून विमान वाहतूक सांभाळणाऱ्याशी) बोलतोयस त्याला सरळ सांगून टाक कुठे आहेस ते, कोणाशीच संपर्क नसेल तर रेडिओवर 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी लाव. शेजारी फायटर येऊन पंख हलवायला लागलं तर तूही पंख हलव आणि गुपचूप त्याच्या मागे जा, वाद घालायचा तो खाली उतरल्यावर. बाकी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) उड्डाणाला निघायच्या आधी परत बघायचे, कालचे चालत नाहीत (आळस इथेच नडतो), आणि हद्दीला घासून रूट आखूच नको, वारा ढकलतोच.