वाचकांचे प्रश्न : अंगण कुठे संपतं आणि परस कुठून सुरू होतं?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. पुस्तकात अंगण, परस, ओसरी, पडवी असे शब्द येतात. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मी सगळ्यांचा अर्थ "घराबाहेरची मोकळी जागा" असाच सांगते. तो म्हणतो, मग चार शब्द कशाला? (एक आई, पिंपरी)

ताई, "मोकळी जागा" म्हटलं की चारही शब्द एकसारखेच होऊन जातात, म्हणून तिथे कोण काय करतं इथून सुरुवात करा. अंगण घराच्या पुढे. सकाळी उठून झाडायचं, शेणाचा सडा टाकायचा म्हणजे धूळ खाली बसते, मग रांगोळी, तुळशीवृंदावन तिथेच, पापड-कुरडया वाळत घालायच्या तिथेच, आलेला पाहुणा पहिल्यांदा पाय ठेवतो तोही अंगणातच आणि कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेही तिथेच.

परस मागे. तिथे घरचं रोजचं काम चालतं. आड किंवा विहीर, धुण्याचा दगड, खरकटी भांडी, सरपणाचा ढीग, अंघोळीचं पाणी तापवायची चूल, आणि न्हाणीचं वाहून गेलेलं पाणी जिथे जिरतं तिथे बरोबर अळू आणि केळी, कारण दोघांनाही कायम ओल लागते आणि तेवढ्यासाठी वेगळं पाणी ओतायला लागत नाही. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. मुलाच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग लावलेली असेल तर ती त्याला दाखवाच, भाजीसाठी लावलेला तो तुकडा म्हणजे परसातलीच गोष्ट आहे. आणि आजी-आजोबा "परसाकडे जाऊन येतो" म्हणतात त्याचा अर्थही सांगून टाका, पूर्वी संडासला घरामागेच जायचे म्हणून तसं म्हणतात, मुलं हसतील, हसू देत, पण शब्द पक्का लक्षात राहील.

ओसरी आणि पडवीचं सोपं आहे. अंगणात वर बघितलं की आभाळ दिसतं, या दोन्हीत वर छप्पर असतं. ओसरी घराच्या दाराला लागून, एक बाजू उघडी, बसायला-बोलायला, झोपाळा असला तर तिथेच. पडवी म्हणजे घराच्या भिंतीला टेकून उतरतं छप्पर पुढे काढायचं आणि त्याखाली जी जागा मिळते ती, पुढे असेल, बाजूला असेल, मागेही असेल, कोकणात तर ती लागतेच कारण तिरक्या पावसाची झड मातीच्या भिंतीवर आली की भिंत खचते. कोल्हापूर-साताऱ्याकडे ओसरीला सोपा म्हणणारी घरं आहेत. आणि ओटा म्हटलं की आजच्या मुलांना फक्त किचनचा ओटा आठवतो, तेव्हा घराच्या दाराबाहेर बसायलाही ओटा असतो हे आवर्जून सांगा.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. सासूबाई मालवणच्या, त्या घरापुढच्या जागेला खळं म्हणतात. हे साताऱ्याचे, हे म्हणतात खळं शेतात असतं. मुलीला कोणाचं शिकवू? (एक वाचक, ठाणे)

दोघांचंही शिकवा, दोघंही बरोबर बोलतायत. देशावर खळं म्हणजे मळणीची जागा. सुगीत शेतातला एक गोल तुकडा साफ करायचा, पाणी मारून चोपायचा, शेणाने सारवायचा, मधोमध खांब रोवायचा त्याला तिवडा म्हणतात, काही ठिकाणी मेढ म्हणतात, मग कणसं पसरून बैलांची पात त्या खांबाभोवती फिरवायची, बैलांनी धान्य खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकी, आणि शेवटी वाऱ्यावर उफणणी, म्हणजे धान्य वरून सोडून भुसा वाऱ्याने उडवायचा. आता मळणी यंत्र आलं, त्यामुळे साताऱ्याकडच्या मुलांनी पण हे क्वचितच पाहिलेलं असतं.

सिंधुदुर्गात घरापुढचं अंगणच खळं. पाऊस संपला की तेही असंच समतल करून, चोपून, सारवून घेतात, त्यावर मांडव घालतात आणि उन्हाळ्यात नारळाच्या झापांची सावली करतात, पावसाळा जवळ आला की मांडव उतरवतात. मुलीला हेच दाखवा की दोन्हीकडे जमीन चोपून-सारवून तयार केलेली असते. आणि सासूबाईंच्या शब्दाला कृपा करून "गावठी" म्हणू नका, मुलं ते ऐकतात आणि मग आजीशी बोलताना तो शब्द वापरेनाशी होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आजीला बेडं आणि गडगाही विचारायला सांगा. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कुंपण, आणि त्यात येण्याजाण्याच्या वाटेवर आडव्या काठ्या सरकवून बंद करायचं ते बेडं.

प्रश्न : वाड्यात चौक असायचा म्हणजे तिथे रस्ते यायचे का? (इयत्ता चौथी, पुणे)

नाही रे बाळा, रस्त्यांचा चौक वेगळा. वाड्याचा चौक म्हणजे चारी बाजूंनी खोल्या आणि मध्ये वरून उघडी जागा. खोल्यांना उजेड आणि वारा तिथूनच मिळायचा, पाऊस सरळ आत पडायचा आणि मोरीतून बाहेर जायचा, आणि बाहेरच्या रस्त्यावरच्या कोणाला न दिसता घरातल्या बायका-मुलांना उघड्यावर बसता यायचं. पुण्यातच राहतोस ना, मग बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात बाबांना घेऊन जा, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला आहे, चौकात उभं राहून वर बघ म्हणजे माझ्या चार ओळींपेक्षा जास्त कळेल. गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांमध्येही असंच मधलं अंगण असतं, त्याला ते राजांगण म्हणतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत अंगण नाही. मग आम्ही खेळतो ती जागा काय? (दोघी बहिणी, नाशिक)

सोसायटीचं आवार. भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आतली सगळी जागा मिळून आवार, त्यात पार्किंगही आलं. शाळेतलं मोठं ते पटांगण किंवा मैदान. इमारतीच्या वरची गच्ची. मराठवाड्यात मातीचं सपाट छत असलेली जुनी घरं आहेत, त्या छताला माळवद म्हणतात, उन्हाळ्यात तिथे झोपतात. आणि अंगण शब्द तुमच्या जवळच आहे, लहानपणी गेला असाल ती अंगणवाडी, देशात ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली.

प्रश्न : पाणंद आणि पांदण वेगळं का? आणि गायरान म्हणजे? (एक शिक्षक, यवतमाळ)

सर, एकच. शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट, पश्चिम महाराष्ट्रात पाणंद, तुमच्याकडे पांदण. गायरान म्हणजे गुरं चरायला राखलेली गावाची जमीन, ती कोणा एकाची नसते. वर्गात शिकवताना मुलांना गावाचा नकाशा काढायला लावा, वेस, पार, पांदण, वावर, गायरान असं ज्याचं त्याने घरी विचारून लिहायचं, आणि घरून वेगळा शब्द आला तर तोही नकाशावर तसाच ठेवायचा, खोडायचा नाही.